डाव्या पायाची सोय

आप्पांच्या डाव्या गुडघ्याने संप पुकारला आणि बसचे ग्रह फिरले. बस लेकीपेक्षा वयाने मोठी. उभी हयात जी चालवली, तीच गाडी आप्पांनी निवृत्तीनंतर भंगारात जाता जाता विकत घेतली आणि दारात आणून उभी केली. पण तिचा क्लच दाबायचा म्हणजे पैलवानाचंच काम. डॉक्टरांनी सांगितलं, क्लच बंद म्हणजे बंद. मग आप्पांनीही हट्ट धरला: आपल्याला चालवता येत नसेल तर रविवारी गाडी बागेच्या मालकाला देऊन टाकायची. त्याला तिच्यात चहाचं दुकान थाटायचं होतं.

लेक गिअरबॉक्सची मिस्त्री. गाडी अशी जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती. तिने एका अपघातातल्या बसचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळवला, शेडमध्ये तळ ठोकला, शाफ्ट कापून आखूड केला, गिअरचा लांब दांडा उपटला आणि क्लचचं पेडल काढून भोकावर पत्रा ठोकला.

शनिवारी अंगणात चाचणी झाली. आप्पा ऐटीत बसले, मागे आई. ती याच बसची जुनी कंडक्टर. गाडी लोण्यासारखी निघाली. जरा वेग आला आणि आप्पांचा डावा पाय सवयीने क्लच शोधत गेला. क्लच नव्हताच; पाय शेजारच्या ब्रेकवर पडला. त्यांनी तो आयुष्यभराच्या ताकदीने दाबला. आई बाकावरून थेट इंजिनाच्या झाकणावर येऊन बसली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या फेरीला तिने खाली उतरून बघणं पसंत केलं.

"पाय म्हातारा झाला, पण खोड अजून तरुण आहे," ती म्हणाली.

आप्पा हसले नाहीत. लेकीच्या हातात चावी देत, बागवाल्याला उद्या यायला सांग, एवढंच म्हणाले. लेकीला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मग ती तडक शेडमध्ये गेली. झिजून गुळगुळीत झालेलं जुनं पेडल तिने पुन्हा जागेवर बसवलं आणि खाली एक मऊ स्प्रिंग लावली. बाकी कशालाही ते जोडलं नाही.

रविवारी बागवाला मापाची टेप घेऊन फाटकात हजर. शेवटची एक फेरी मारा, म्हणून लेकीने आप्पांना कसंबसं बसवलं. आईने दोनदा घंटी दिली. गाडी निघाली, डावा पाय खाली गेला, पेडल अलगद दबलं आणि गिअर आपसूक पडला. चढावरही तसंच. आप्पांची मान ताठ झाली. परतताना त्यांनी बागवाल्यासमोर गाडी थांबवलीच नाही. पुढच्या थांब्यावर या, असं आईने त्याला खिडकीतून सांगितलं.

आता मात्र लेक धास्तावली. असल्या मुरलेल्या ड्रायव्हरला फसवायचं म्हणजे आईपुढे आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखं. त्यांना राग आला तर सगळंच मुसळ केरात. इंजिन बंद करून आप्पा खाली वाकले.

"हे कशाला जोडलंय?"

"कशालाच नाही, आप्पा."

त्यांनी पेडलवर पुन्हा पाय ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "फक्त गाडीला सांगू नकोस."