‘खरूज’ला यायचं हं!

माझ्या खोलीत भिंतभर पंक रॉकच्या कार्यक्रमांची पोस्टरं होती. मुंबईचा मावसभाऊ रद्दीवाल्यांकडून हुडकून आणायचा. काळीपांढरी, वेडीवाकडी, कात्रणं चिकटवलेली. लय भारी! पण त्यांतला एकही कार्यक्रम मी पाहिलेला नव्हता. म्हणून शहाण्णव साली, सांगलीत कॉलेजात असताना, आम्ही बँडच काढला. नाव ‘खरूज’. मी, दीपमाला, गिटार आणि गाण्याला; धाकटा भाऊ प्रबुद्ध ड्रमवर. विश्रामबागेत हॉलही मिळाला. आता मला भिंतीवर एकच पोस्टर हवं होतं, आमच्या स्वतःच्या कार्यक्रमाचं.

छापायला दिलं नाथाजीमामांकडे. त्यांची हयात लग्नपत्रिका छापण्यात गेलेली. गठ्ठा सोडला आणि मला रडूच आलं. पिवळ्या कागदावर लाल शाई. वर तोरण, दोन्हीकडे सनईवाले, मध्ये ठसठशीत ‘खरूज’. खाली ‘सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे’. आणि तळाला, ‘आमच्या ताईच्या गाण्याला यायचं हं! – चिंगी, बंड्या’.

“आवं मामा, हे चिंगी-बंड्या कोण?”

“कुणी का असंनात. पोरांच्या नावाबिगर कागद पुरा हुतो व्हय?”

कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी होता. तेच लावलं, तोंड लपवत.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पडद्याआडून बघते तर हॉल गच्च! काठापदराची लुगडी, गजरे, कडेवर पोरं. ‘सहकुटुंब सहपरिवार’ लोकांनी मनावर घेतलं होतं.

“ताई, पळायचं का गं?” प्रबुद्धनं विचारलं.

“न्हाई!” मी म्हटलं आणि पुढे होऊन आमच्या गाण्याची पहिली ओळ बेंबीच्या देठापासून ओरडले, “वाईची एस्टी आली का?”

मग पहिल्या रांगेत आमच्या घरमालकीण बयाबाई उठल्या. आम्ही माडीवर सराव करायला लागलो की खालून काठीनं तक्तपोशी ठोकणाऱ्या ह्याच. त्यांनी पदर खोचला.

“आली न्हाई!”

“कवा येणार?”

“कवाच न्हाई!” अख्खा हॉल गरजला. प्रबुद्धनं ड्रम बडवले, खुर्च्या सरकल्या, पोरं नाचली, बयाबाई नाचल्या. एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

संपल्याबरोबर पोस्टर काढायला बाहेर पळाले. भिंती मोकळ्या! लोकांनी सगळी सोलून नेलेली. शेवटचं बयाबाईंच्या काखेत.

“आजी, मला द्या की. एवढं एकच हवंय.”

“मग मी काय दावू?” त्यांनी गुंडाळी घट्ट धरली. “तुला समद्यांनी बघितलंय. घरी सुना खरं मानतील व्हय, ही म्हातारी नाचली म्हून?”

मी पेन काढलं आणि सनईवाल्याशेजारी लिहून दिलं, ‘नाचल्या. मी पाहिलं. – दीपमाला.’