पोटात पाऊस ठेवणारा बंगला

मी एक जुना बंगला आहे आणि, मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, कुणी माझी कीव करायची नाही. क्रांती चौकामागच्या गल्लीत मी पन्नास वर्षं ताठ उभा आहे.

मला कप्तान केशवरावांनी बांधलं. पिशोरच्या पंचक्रोशीतून जहाजाचा कप्तान झालेला तो पहिला माणूस. निवृत्तीनंतर ते समुद्रकाठी राहतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते आले इथं, जिथं समुद्राचं नावसुद्धा नाही. खोल्यांच्या आधी त्यांनी खोल हौद खणला आणि माझ्या गच्चीचं सगळं पाणी त्यात सोडलं. गल्ली हसली.

"कप्तानसाब, घरात जहाज चालवता का?" गवंड्यानं विचारलं.

"तीस वर्षं खाऱ्या पाण्यावर काढली," केशवराव म्हणाले. "गोड्या पाण्याची किंमत मला शिकवू नका."

पुढं नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना, तेव्हा हसणारेच हंडे घेऊन दारात आले. एकालाही रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. त्या दिवसांत मी फार मिजाशीत होतो, कबूल करतो.

कप्तान गेले. गच्चीवर पालापाचोळा साचला, पन्हळ तुंबली, हौद निम्माच भरू लागला. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा विश्वजित बिल्डरच्या माणसाला घेऊन आला. मला पाडून वीस फ्लॅट उभारायचे होते. फक्त बहिणीची, मनस्विनीची, सही बाकी होती. तिनं पेन हातात घेतलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो.

तेवढ्यात शेजारच्या सरूबाई हंडा घेऊन दारात आल्या. "मनू, हौदात हाय का गं थोडं पाणी? टँकर आलंच नाय आज."

मनस्विनीनं बिल्डरच्या माणसाकडं पाहिलं. "वीस घरांना पाणी कुठून देणार?"

"टँकर आहेत ना, मॅडम."

"ताई, सगळं शहर टँकरवर जगतंय," विश्वजित वैतागला. "आपणच काय वेगळे?"

"आपल्याकडं बाबांचा हौद आहे," ती म्हणाली. "मी सही करत नाही." आणि ती सरूबाईंचा हंडा भरायला उठली.

विश्वजित अजून रुसलेला आहे. कागद त्यानं फाडलेले नाहीत. तो पुन्हा येईल. येऊ दे.

मित्रांनो, मला ऐतिहासिक म्हणून हार घालू नका. पावसाळ्याआधी एक दिवस केरसुणी घेऊन माझ्या गच्चीवर या. हौद काठोकाठ भरला, की मला पाडायला येणाऱ्यानं आधी या गल्लीच्या तहानेचं उत्तर द्यावं. मग माझ्या भिंतीला हात लावावा.