एकाच कपानंतर

मी गेशेताईंच्या घरचा चमचा बोलतोय. अस्सल चांदीचा आहे, दांड्यावर गुलाब कोरलाय. पण ढवळायचं काम मला कधीच मिळालं नाही. आमच्या ओस्टफ्रीसलँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याला, चहा ढवळत नाहीत. तळाला खडीसाखर, तिच्यावर कडक काळा चहा, वर थोडी साय, आणि तसाच प्यायचा. पिणाऱ्यानं मला कपात ठेवलं की समजायचं, त्याला पुरे झालं. तोवर घरची बाई ओतत राहते. तीन कपांच्या आधी मला कपात ठेवणं म्हणजे तिचा अपमान.

गेशेताई पंचाहत्तरीच्या, बिनलग्नाच्या. बायको वारल्यावर धाकटा भाऊ फोल्केर्ट त्यांच्याकडे राहायला आला. दिवसातून चारदा चहाची बैठक व्हायची. पाण्याचं नाव काढलं की तो म्हणायचा, "ते गाईंना पाजा."

मग कमरेत कळा सुरू झाल्या. मुतखडे निघाले. डॉक्टरनं बजावलं, "तुमच्या या प्रकारच्या खड्यांना एवढा कडक चहा चालायचा नाही. दिवसाला एक कप, बाकी साधं पाणी. डावं मूत्रपिंड आधीच थकलंय."

घरी येऊन त्यानं पहिल्या कपानंतर मला कपात ठेवलं. गेशेताईंचा चेहराच उतरला.

"एकातच? बेचव झालाय का रे?"

"तसं नाही ताई, डॉक्टर म्हणतो…"

"तो हॅनोव्हरचा! कॉफी पिणारा माणूस. त्याला काय कळतंय?"

त्यांनी मला उचलून बशीत ठेवलं आणि पुन्हा ओतला. तो मुकाट्यानं प्यायला, भित्रा कुठला! पुढे रोज हेच. मला दोघांचाही संताप यायचा.

नोव्हेंबरात खडा अडकला, ताप डोक्यात गेला. डावं मूत्रपिंड काढावं लागलं.

गेशेताई इस्पितळात गेल्या त्या थर्मास घेऊन. कप, साखर, सायीची बाटली आणि मी रुमालात बांधलेले.

"इथलं पाणचट पिऊन कंटाळला असशील," म्हणत त्यांनी कप भरला.

"नको, ताई."

"माझ्या हातचं नको?"

"नको म्हणतोय ना! मारतेस का मला?"

घरी येताना त्या वाटभर रडल्या. तो इस्पितळातून परस्पर आपल्या मुलीकडे एम्डेनला राहायला गेला.

परवा त्याचं पत्र आलं. 'ताई, चुकलो. रविवारी येऊ का? फक्त माझ्यासाठी पाण्याचा एक ग्लास ठेवशील?'

गेशेताईंनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्या खणात टाकलं. आज शनिवार. उत्तर गेलेलं नाही.

गेशेताई, ठेवा ना हो एक ग्लास!