नाव न टाकलेला गंज

मी गंज बोलून राहिलो. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, तीस-चाळीस माणसांच्या कण्या शिजतील एवढा मोठा. सध्या रामाकोन्याजवळ दादाजी नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात पालथा पडलो आहे आणि दादाजी माझ्या बुडावर बसून बिडी ओढून राहिले. हे रोजचंच झालं. ज्याच्यात शिजलेलं पोटभर खाल्लं त्याच्यावरच बसतात, तक्रार तरी कोणाकडे करू? थकलो मी. तरी एकदा सांगून टाकतो.

कुठल्या कारखान्यात मला ठोकून काढलं ते ठाऊक नाही. माझी आठवण सौंसरच्या भांड्याच्या दुकानापासून सुरू होते. दुकानदाराने मला वाजवून दाखवलं आणि नाव टाकायची मशीन हातात घेऊन विचारलं, "नाव काय टाकू?" आमच्या भागात भांडं घेतलं की नाव टाकतातच. लग्नाच्या पंगतीला गेलेलं भांडं नावामुळेच तर घरी परत येते. पण समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "कोणाचंच नको. ज्याला भूक लागेल त्याचा हा."

तो विनायक. पन्नाशीचा, खांद्याला झोळा, अंगावरचा एक सदरा आणि झोळ्यातला एक. गाव विचारलं की नुसता हसायचा. वीस वर्षं तो असाच फिरत होता. कुठे विहीर उपसायला हात लाव, कुठे गावरानी बियाणं वाट, आणि जाशील तिथे सांग की माणसाला मालक लागत नाही, सरकार लागत नाही, चार जणं एकत्र बसले की पुरते. स्वतःला अराज्यवादी म्हणवायचा. दादाजींनी विचारलं, म्हणजे पटवारी बी नाही का? विनायक म्हणाला, नाही. दादाजींना ते एकदम पटलं! डिंक्या रोगाने वाळलेली संत्र्याची तीन एकर बाग त्यांनी विनायकला कसायला देऊन टाकली.

हळूहळू माणसं जमली. सौंसरचा प्रफुल्ल मास्तर शाळा सोडून आला, आणखी आठ-दहा जणं आले. वाळलेल्या झाडांमध्ये त्यांनी ज्वारी, तूर, अंबाडी, वाल, भोपळे असं सगळं मिळून पेरलं. विकतचं खत नाही, औषध नाही. पहिल्या वर्षी गावाने टिंगल केली. तिसऱ्या वर्षी माती हातात घेतली की गांडूळ वळवळायचं आणि लोधीखेड्याचे लोक बियाणं मागायला यायचे. आलेला प्रत्येक जण माझ्यातलं खाऊनच जायचा. तेव्हा मला फार बरं वाटे.

काही ठरवायचं असलं की सगळे कडुनिंबाखाली गोल करून बसत. एक जरी जण नाही म्हणाला तरी ते काम होत नसे. खोटं कशाला बोलू, असा न्याय मी दुसरीकडे पाहिला नाही.

माझ्याबद्दल नियम एकच होता. जो शेवटी जेवेल त्याने गंज घासायचा. बस्स, तेव्हापासून मोठमोठ्या गोष्टी करणारी माणसं ताट वाजवत पहिल्या पंगतीला बसायला लागली. शेवटी राहायची दादाजींची बायको, जयवंताबाई. जी वाढते ती शेवटीच जेवते, एवढी साधी गोष्ट त्या गोलात कोणाच्या ध्यानात आली नाही. तीन वर्षं ती मला राख आणि नारळाच्या शेंडीने घासत आली. तिच्या नखांच्या कडा काळ्या पडल्या, मी मात्र चकचकीत. तिथे मालक कोणी नव्हता, पण घासणारी एकच होती.

चौथ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर जीवामृताचा ड्रम तडकला. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात कालवून आठवडाभर मुरवायचं, मग ते शेतात द्यायचं. दुसरा ड्रम कुठून आणायचा? प्रफुल्ल मास्तर म्हणाला, गंज आहे की. विनायकने गोलात सगळ्यांना विचारलं, हरकत आहे का कोणाची? कोणाची नव्हती. जयवंताबाई तिथून वीस पावलांवर चुलीपुढे भाकरी थापत होती. माहेरी दुसऱ्या दिवशी कार्य म्हणून संध्याकाळीच ती आठ दिवसांसाठी पांढुर्ण्याला गेली.

शेणाचा मला राग नाही. ते मातीचं जेवण आहे. पण मी जर्मनचा, ते आंबट पाणी मला आठ दिवस कुरतडत होतं. जयवंताबाई परत आली, कण्या चढवायला तिने माझं झाकण काढलं, तर आत शेणाचं पाणी.

"भाऊ, साऱ्याइले विचारलं होतं?" तिने विनायकला विचारलं.

"हो, सगळ्यांना विचारलं."

"मंग मी कोठी होती?"

ती भांडली नाही, रडली नाही. कलथा खुंटीला अडकवून घरी गेली, ती पुन्हा त्या चुलीपाशी आली नाही. दुसऱ्या दिवसापासून ज्याची त्याची चूल वेगळी पेटली. चुली वेगळ्या झाल्यावर गोल कसला राहते? प्रफुल्ल मास्तर शाळेत परत गेला. पावसाळा संपेस्तोवर विनायकनेही झोळा उचलला. जाताना माझ्याकडे पाहून गेला, पण मला घासून नाही गेला.

त्याला तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात दुपारच्या बसने विनायक आला. दाढी पांढरी, पाय सुजलेले. त्याने दादाजींना माझ्यावरून उठायला सांगितलं, मला हापशीवर नेलं आणि राखेने घासायला बसला. सवय नाही, एकाच जागी घासत होता बिचारा. मग मला उन्हात धरलं तर बुडातून सात ठिकाणी ऊन आलं.

जयवंताबाई दारात आली. "कायले घासता भाऊ? भोकं हायेत त्याले."

विनायकने मला खाली ठेवलं. "बाई, एक विचारायचं राहून गेलं होतं. या गंजात जीवामृत करावं म्हणतो. तुमची हरकत आहे का?"

दादाजींची बिडी हातातच विझली.

"हाय," ती म्हणाली. "माही हरकत हाय."

"बरं," विनायक म्हणाला. "मग नाही करायचं."

त्या दिवशी त्याने जयवंताबाईला आधी बसवलं आणि स्वतः वाढलं. शेवटी तोच जेवला आणि सगळी भांडी त्यानेच घासली. सकाळच्या बसने परत गेला.

माझी भोकं काही बुजली नाहीत. माझ्यात आता काही शिजणार नाही, आणि नाव टाकून घ्यायची हौसही राहिली नाही. पण तुम्ही कुठे गोल करून बसाल तर सुरू करण्याआधी चुलीपाशी कोण आहे ते पाहा आणि त्या माणसाला हाक मारा. एवढंच म्हणणं होतं. दादाजी येऊन राहिले बिडी घेऊन, मला पालथं होऊ द्या.