डोरीनच्या मयताला कुणी हसायचं नाही

“एक माणूस हसणार नाही. हसला, तर मी माझी कवळी चावून खाईन!” लायनेल एंटविसलने टायची गाठ गळ्याशी आवळत जाहीर केलं.

“कवळी खाणार कशानं, लायनेलकाका?” ग्लेनिस म्हणाली. डोरीनची ही भाची. डोळे रडून सुजले होते, पण जीभ मावशीचीच होती.

“थट्टा नको. मी तिला शब्द दिलाय.”

शब्द खरंच दिला होता. शेवटच्या आठवड्यात डोरीनने त्याला खाटेजवळ बोलावून सांगितलं होतं, “जन्मभर लोक मला हसले, लायनेल. त्यातलं निम्मं हसू तर डब्यात भरून ठेवलेलं होतं. जाताना तरी जरा शांतता द्या. तू उभा राहा, दोन शब्द नीट बोल, आणि मला जाऊ दे. जमेल का, गाढवा?”

“जमेल,” गाढव म्हणालं होतं.

एके काळी शुक्रवारी संध्याकाळी सगळं क्लीथॉर्प्स गाव दारं लावून टीव्हीसमोर बसायचं ते ‘महापौरबाईंचा चहा’ बघायला. डोरीन हॅलम म्हणजे महापौरबाई. डोक्यावर भली थोरली टोपी, टोपीवर मेणाची चेरी आणि आख्खा तितर. लायनेल नगरपालिकेतला कारकून. दर भागात तो चहाचा ट्रे घेऊन यायचा, ठेच लागायची, किटली महापौरबाईंच्या मांडीवर पडायची, आणि सांडणारा हाच, पण दुसऱ्यांवर ओरडायचा, “फडकं आणा कुणीतरी!” की डब्यातलं, आधीच टेप करून ठेवलेलं हसू खदाखदा फुटायचं. एवढंच त्याचं काम. वर्षानुवर्षं एवढंच.

मालिका बंद पडली आणि लायनेल कुणाच्या लक्षातही राहिला नाही. मग एक दिवस दाढीला अत्तर लावलेला एक तरुण त्याच्या दारात उभा राहिला. मोबाइलवर जुगाराचे खेळ बनवणाऱ्या कंपनीचा. जुन्या विनोदी मालिका विकत घ्यायच्या आणि त्यांची फिरती चक्रं करायची, हा त्यांचा धंदा. “तुम्ही आमच्या खेळाचा आत्मा आहात, सर,” तो म्हणाला. आत्म्याने चष्मा न लावता सही केली. मग त्याला आवाज टेप करायच्या, गाद्या लावलेल्या एका कपाटात कोंडून तेच वाक्य शंभर तऱ्हांनी म्हणायला लावलं.

क्लबात, मटण बक्षीस लावलेल्या रविवारच्या सोडतीच्या वेळी, त्याने छाती फुगवून सांगितलं, “चक्रावर माझं तोंड येणार बरं का!”

आलं. चक्रावर किटल्या फिरत, बिस्किटं फिरत, टोप्या फिरत. तीन टोप्या लागल्या की घबाड. काहीच लागलं नाही, म्हणजे जवळजवळ नेहमीच, की लायनेलचं तोंड यायचं, पडद्यावर चहा सांडायचा आणि तो ओरडायचा, “फडकं आणा कुणीतरी!” वर तेच जुनं हसू. त्यातले बरेचसे हसणारे एव्हाना देवाघरी गेले होते.

आता गावात त्याला बघितलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. खाटकाच्या दुकानात रांगेतली एक बाई चारचौघांत म्हणाली, “तुमचं थोबाड दिसलं की पोटात गोळा येतो हो. काल रात्रभर तुम्ही माझ्यावर ओरडत होता.” आणि असं म्हणत तिचा अंगठा पुन्हा मोबाइलवर. बाबागाडीतलं पोर रडून काळंनिळं झालेलं. लायनेलला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली. सॉसेज न घेताच तो घरी गेला.

डोरीनने मात्र त्या अत्तरवाल्याला दारातूनच हाकललं होतं. “लोकांना हसवून पोट भरलं मी. रडवून नाही भरायचं.” कंपनीचं काय अडलं? त्यांनी टोपी ठेवली, खालचा चेहरा पुसून टाकला. लायनेलने सही केल्याचं कळल्यावर डोरीनने त्याला पोस्टाने एक पाकीट पाठवलं. आत चिठ्ठी नव्हती. कपबशा पुसायचं एक फडकं होतं. नवं कोरं, निळ्या काठाचं.

ते फडकं आज इस्त्री करून त्याच्या कोटाच्या खिशात होतं. बोलून झालं की ते तिच्या पेटीवर ठेवायचं, असं त्याने ठरवलं होतं. माफी मागायची दुसरी रीत त्याला सुचली नव्हती.

दहनगृहात गर्दी बरी होती. बाहेर पुढच्या मयताची मंडळी वाऱ्यात कुडकुडत उभीच होती, त्यामुळे सगळं आटोपशीर ठरलेलं: लायनेल बोलणार, मग संगीत, संगीत ऐकू आलं की भिंतीमागचा माणूस बटण दाबणार आणि पेटीसमोरचा पडदा मिटणार. मालिकेची धून मात्र वाजवायची नाही, हे ग्लेनिसने त्या माणसाला तीनदा बजावलं होतं.

लायनेल उभा राहिला. घसा खाकरला.

“डोरीनला मी फार वर्षं ओळखत होतो,” तो म्हणाला. वाक्य सरळ उभं राहिलं. कुणी हसलं नाही. त्याला धीर आला. “आणि तिला एक गोष्ट सांगायची माझी राहून गेली...”

“फडकं आणा कुणीतरी!”

तिसऱ्या रांगेतून. त्याचाच आवाज. मागोमाग खदाखदा हसू.

तिथे ग्लेनिसचा बाप बसला होता, नॉर्मन. डोरीनच्या बहिणीचा नवरा. हा बहिरा; याची कानातली ऐकायची यंत्रं मोबाइलला जोडलेली. जेवताना, बसमध्ये, चर्चमध्ये हा तोच खेळ खेळत बसायचा. आवाज फक्त याच्या कानात, जगाला पत्ता नाही. आज नेमकी यंत्रांची बॅटरी संपली. आवाज कानातून निघाला तो थेट मोबाइलच्या भोंग्यात. कान बंद पडल्यामुळे सगळ्या सभागृहात तो न ऐकणारा एकटा नॉर्मनच. चेहऱ्यावर दुःख, मांडीवर अंगठा.

“फडकं आणा कुणीतरी!”

“बाबा, बंद करा ते!” ग्लेनिस दातांतून बोलली.

“आँ?”

“बंद करा!”

“मोठ्यानं बोल गं! मयतात काय कुजबुजतेस?”

पहिल्यांदा पाद्रीबुवाच फुटले. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक तोंडावर धरलं, पण पुस्तकच गदगदा हलायला लागलं. मग क्लबाची मंडळी. मग पेटी खांद्यावरून आणणारे चौघे, काळ्या कोटातले, भिंतीकडे तोंड करून.

“ऐका,” लायनेल म्हणाला. “मला एवढंच सांगायचंय, की मी सही...”

“टोप्या!” नॉर्मन ताडकन उठला. “तीन टोप्या! लागल्या रे लागल्या!”

आणि त्याच्या हातातून मालिकेची धून सुटली. बँडच्या पिपाण्या, ढोल, सगळं. ग्लेनिसने धुनीबद्दल बजावलं होतं, पण ते सकाळच्या पाळीच्या माणसाला. दुपारच्याला एवढंच ठाऊक: संगीत म्हणजे बटण. त्याने दाबलं.

पडदा सरकायला लागला. लायनेल खिशात हात घालून धावला, फडकं कोटाच्या अस्तरात अडकलं, आणि तो पोचेपर्यंत मखमलीची दोन टोकं एकमेकांना भिडली. डोरीन गेली. मागे तिचं जुनं डब्यातलं हसू वाजतच होतं, आणि त्यात आता गावाचं ताजं हसू मिसळलं होतं. कुठलं मेलेल्यांचं आणि कुठलं जिवंतांचं, लायनेलला कळेना.

नंतर दारूच्या दुकानावरच्या खोलीत चहा आणि हॅमची सँडविचं होती. नॉर्मनने बॅटरी बदलली होती. “डोरीनचाच आशीर्वाद!” तो पाठ थोपटून घेत होता. “टोप्या तिच्याच ना! जाता जाता देऊन गेली बिचारी.” क्लबातले चौघे-पाचजण त्याच्याभोवती जमून तो खेळ आपापल्या मोबाइलवर उतरवून घेत होते. तिच्या आठवणीखातर, म्हणे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं, तर निदान मढं थंड होऊ द्यावं, असं लायनेलच्या मनात आलं. मग त्याला आठवलं, की त्या लोण्यातलं पहिलं बोट त्याचंच.

“लायनेल, एकदा म्हणा ना ते,” कुणाची तरी बायको म्हणाली. “खरं, तोंडानं. आमच्या नातवाला पाठवते.”

“आज नको, बाई.”

“अहो, आज नाही तर कधी?”

ग्लेनिस चहा घेऊन आली. “घ्या, काका. दोन चमचे साखर घातलीय. माझ्या बापाकडे बघूच नका.”

लायनेलने एका हाताने बशी धरली. कप कलंडला. चहा टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर पसरला, सँडविचांखाली शिरला आणि त्याच्या अंगावर येऊ लागला.

खोली एकदम गप्प झाली. डोरीनला हवी होती अगदी तशी शांतता. नॉर्मनचासुद्धा अंगठा थांबला. सगळ्यांनी मोबाइल वर धरले आणि ते लायनेलच्या तोंडाकडे बघत राहिले.

लायनेलने तोंड उघडलं नाही. त्याचा एक हात खिशात होता, निळ्या काठाच्या त्या फडक्यावर. तो त्याने बाहेर काढला नाही.

चहा टेबलाच्या कडेवरून ओघळला आणि त्याच्या डाव्या बुटात गेला.