दोन सेन्सरची सरासरी

लोधिवलीच्या गॅरेजात गजाभाऊंची मोठी गाडी थरथरत उभी होती. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना धुरातला ऑक्सिजन मोजणारा एकेक सेन्सर. स्कॅनरवर डावा म्हणे पेट्रोल कमी, उजवा म्हणे जास्त.

"दोघांची सरासरी काढ, एकदम बरोबर येतंय," गॅरेजचा मालक नीलेश म्हणाला.

"मग गाडी का हालतेय रं दादा?" म्हणत त्याची बहीण हर्षला इंजिनात वाकली. दोन्ही सेन्सरच्या वायरींची अदलाबदल झाली होती. डाव्याची तक्रार ऐकून गाडीचा कॉम्प्युटर उजवीकडे पेट्रोल वाढवत होता! तिने वायरी नीट जोडताच गाडी शांत झाली.

"कुन्या गाढवानं जोडल्या व्हत्या?" गजाभाऊ तडकले.

जोडल्या होत्या नीलेशनेच, गेल्या आठवड्यात. तो मन लावून बॉनेट पुसू लागला.

"आमीच जोडल्या, भाऊ. चूक झाली," हर्षला म्हणाली.

त्या 'आमी'साठी नीलेशने तिला दोन वडापाव खाऊ घातले.