कमी दिसणारी नळी

दुकानात माणसं जास्त मागायला जातात. मी कमी मागायला गेले, म्हणून तो भोरचा दुकानदार माझ्याकडं येड्यागत बघत राहिला. पर त्याच्याआधी घरचं सांगते, मग कळंल कमी कशापायी.

आमची वाडी विंझरच्या वर, डोंगराच्या पोटाला. मोजकी घरं, सगळी धनगरांची. घराम्होरं अंगण, अंगणाच्या कडंला दरी आन दरीपल्याड सडा, मंजी डोंगरावरचं उघडं पठार. पावसाळा सरला की आमच्या गाई त्या सड्यावरच्या गोठ्यात ऱ्हायच्या आन आमचे धनी त्यांच्यासंगं. नवऱ्याचं नाव बायकांनी घेऊ न्हाई म्हणतात, पर लिवायचं म्हणल्यावर घ्यावंच लागतंय. रायबा. बायकोपरीस गाईंशी जास्त बोललेला माणूस.

गेल्या पावसाळ्यात धनी निसरड्या वाटंवर पडले, खुबा मोडला. पुण्याला दवाखान्यात न्यावं लागलं. ते तिकडं पडून, आन हिकडं लम्पी आली. गाईंच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले, चारा सुटला. जनावराचा डाक्तर आला, सुया टोचल्या, पर उशीर झालता. निम्मी दावण गेली. पयली गेली चांदी. चांदी मंजी कळपाची म्होरकी, ती उठली का सगळ्या उठायच्या. उरल्या त्या माझ्या ल्योकानं, कुंडलिकनं, विकल्या आन तो खेडशिवापूरला कंपनीत लागला. तिथंच खोली घेऊन ऱ्हातो.

धनी घरी आले ते बाजंवरच. पयल्याच सांजंला इच्यारलं, "गाई कुठं हायेत?"

"कुठं असणार? सड्यावर. कुंडलिक हाय त्यांच्यापाशी."

पुण्याच्या डाक्तरानं बजावलं व्हतं, ह्यांचं काळीज अशक्त झालंय, धक्का सोसायचा न्हाई. म्हणून खोटं बोलले. देवानं इच्यारलं तरी सांगीन, बोलले, आन येळ आली तर परत बोलीन.

वाडीत सगळ्यांना दम दिला. माझा दम वाडीला ठाव हाय. धन्यांचा पुतण्या कोंडिबा, त्याच्या गाई वाचल्या व्हत्या. त्याला सांगितलं, तुझ्या गाई रोज सड्यावर घालायच्या.

"काकी, माझ्याच बांधाला गवात हाय की गुडघ्याएवढं."

"मग ते तू खा. गाई सड्यावर ने."

नेल्या त्यानं. अंगणातनं बघितलं का सड्यावर ठिपके हलताना दिसायचे. धनी बाजंवर बसून ते बघायचे. ठिपक्याला नाव नसतं, म्हणून निभत व्हतं. सकाळी च्यात दूध घालायचे मी, ते कोंडिबाकडचं, पर सांगायची आपलंच. कुंडलिक कधीमधी यायचा, सड्यावरनं उतरल्यागत दरीच्या वाटंनं यायचा आन बापाला सांगायचा, "चांदी लई माजलीय आबा, ऐकत न्हाई." बापाच्या नजरंला नजर न देता.

कुंडलिकची पोरगी प्रेरणा ऱ्हाती आमच्यापाशी, नसरापूरला लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडं कामाला हाय. जुना कॅमेरा घेतलाय तिनं. एके दिवशी धन्यांनी तिला जवळ बोलावलं.

"पोरी, जत्रंला तो फोटूवाला आलता बघ, लांब नळीचा. देवळाच्या कळसावरची पाकोळी त्यानं खालनं काढली. तसली नळी तुझ्या यंत्राला बसती का?"

"बसते की आबा. घ्यायचीच आहे मला. मांडवात मागं उभं राहून काढायला लागते."

"मग घे लवकर. मला चांदी बघायचीय."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. म्या फुंकणी उचलली आन चुलीत फुंकर घातली, चूल चांगली पेटलेली असताना.

मागल्या दारी आल्यावर ती म्हणाली, "आता काय करायचं, आजी?"

"काय करायचं? नळी घ्यायची. मी येते तुझ्यासंगं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"म्या म्हशी पारखून घेतल्यात, सुना पारखून घेतल्यात. तुझी आई बघ, फसले का? नळी काय चीज हाय."

नळी आणायची न्हाई असं म्हणले असते तर धन्यांना लगीच वास आला असता. म्हणून नळी आणायची, पर अशी, का जिच्यातनं गाई दिसतील आन कुठली गाय ते दिसणार न्हाई. हे प्रेरणाला सांगितलं न्हाई. सगळंच पोरांना सांगायचं नसतं.

भोरला एस.टी. स्टँडच्या मागं, माडीवर, जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान हाय. दुकानदार अमृत नावाचा, तरणाच, चष्मेवाला. प्रेरणानं त्याला सांगितलं, परवडणारी पाहिजे, लांबची.

"नवीन तुमच्या आवाक्यात बसणार नाही, ताई. जुन्यात दोन आहेत." त्यानं दोन नळ्या काचंवर मांडल्या. "ही सत्तर-तीनशे. लांबचं पार जवळ आणते. पण हात दगडासारखा पाहिजे, नाहीतर फोटो हलतो. आणि ही पंचावन्न-दोनशे. हिची मजल कमी, पण हात थरथरला तरी चित्र सावरून घेते. स्वस्तही आहे."

"बुरशी बघितलीय का आतल्या काचेला?" प्रेरणानं इच्यारलं.

"उजेडात धरून बघा. डाग सापडला तर नळी फुकट."

पोरीनं दोन्ही नळ्या खिडकीपाशी नेऊन एक डोळा मिटून बघितल्या, वरलं चाक फिरवलं, कान लावून ऐकलं. शेरडाचं दात बघावं तसं. तवा मला पोरीचा अभिमान वाटला, पर त्वांडावर दाखवला न्हाई.

"मला दाखव," म्या म्हणलं.

दुकानाला मागं सज्जा हाय, तिथनं नदी दिसती. नदीपल्याड कुणीतरी म्हैस बांधली व्हती. प्रेरणानं तीनशेची नळी बसवून कॅमेरा माझ्या डोळ्याला लावला. चित्र नाचत व्हतं, पर म्हैस अशी आली जशी दारात उभी. कानातला सरकारी पिवळा बिल्ला दिसला. एक शिंग टोकाला तुटलेलं, तेबी दिसलं. 

मग दोनशेची लावली. म्हैस म्हैसच दिसली, काळी, उभी. बिल्ला न्हाई, शिंगाचं टोक न्हाई.

"ही द्या," म्या म्हणलं.

अमृत हसला. "आजी, लोक जास्त दिसणारी मागतात."

"लोकांचं लोकांपाशी. मला कमी दिसणारी पाहिजे."

"आजी," प्रेरणा हळूच म्हणाली. आत्ता कुठं तिच्या ध्यानात आलं. तिनं मला जिन्यापाशी वढलं. "मला कामाला तीनशेच लागते गं. दोनशेत मागनं नवरा-नवरी येत नाहीत नीट. किती दिवस थांबलेय मी."

"तुझं काम उद्याबी हाय. त्यांचं आजच हाय."

 मग आत जाऊन तिनं दोनशेची नळी पिशवीत घालून घेतली. तीनशेची अमृतनं परत काचंत ठेवली, तिकडं तिनं बघितलं न्हाई.

एस.टी.त कामथडीपतुर पोरगी पिशवी मांडीवर धरून बसली. मग खिडकीकडं बघतच म्हणाली, "कधीतरी कळणारच आहे आबांना."

"कळू दे. माझ्या हातनं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी धन्यांनी दाढी करून मागितली. धुतलेलं धोतर नेसले, पागुटं बांधलं. कुणाच्या तरी घरी जायचं असावं तसं. म्या म्हणलं, "गाईला काय कळतंय तुमचं पागुटं." 

कोंडिबाच्या गाई सड्यावर आल्या तशी प्रेरणानं कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांचा हात लई थरथरायचा. मला वाटलं, एवढ्या थरथरीत काय दिसतंय. पर दुकानदार बोलला व्हता ते खरं, चित्र सावरत असणार, कारण धनी हलले न्हाईत. कितीतरी येळ डोळा लावून बसले.

"काय दिसतंय?" म्या इच्यारलं.

"गाई."

"मग? म्या काय सांगत व्हते?"

जिंकल्यागत वाटलं मला. उठून आत जाणार, तेवढ्यात धनी पोरीला म्हणाले, "ह्याचा फोटू काढ. आन तू त्या लग्नाचा फोटू मोठा मोठा करून नवरीची नथ दाखवलीस, तसा कर."

म्या आजवर जे काय बघितलं ते डोळ्यानं. डोळ्याला दिसलं न्हाई ते न्हाई. नळीतनं दिसत न्हाई तेबी यंत्रात पडून ऱ्हातंय आन मागनं बोटानं वढून काढता येतंय, हे मला कुठनं ठाव असणार? माझी सगळी पारख त्या एका बटणाखाली गेली. प्रेरणानं माझ्याकडं बघितलं. म्या मान हलवली न्हाई, व्हय म्हणून न्हाई आन न्हाई म्हणूनबी न्हाई. धन्यांनी हात पुढं धरूनच ठेवला व्हता. तिनं फोटू काढून मोठा केला आन कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

धनी बघत राहिले. मग म्हणाले, "गोठ्याचं छप्पर कोसळून खाली बसलंय."

म्या म्हणलं, "दूध ठेवलंय चुलीवर, उतू जाईल." आन उठले.

"कुणाचं दूध?" ते म्हणाले.

 प्रेरणानं कॅमेरा काढून घेतला आन अंगणाच्या कडंला जाऊन आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

"कोंडिबाच्या गाई हायेत त्या," धनी म्हणाले. "पयली कोण गेली?"

"चांदी."

"मी दवाखान्यात व्हतो तवा?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली. काळजाला हात न्हाई लावला, रडले न्हाईत. म्हणाले, "मला वाटलं माझे कान गेले."

चांदीच्या गळ्यात पितळी घाटी व्हती. धन्यांच्या बापाची. सांजंला कळप गोठ्याकडं वळला का ती घाटी दरी वलांडून आमच्या अंगणात ऐकू यायची.

"घरी आल्यापासनं रोज सांजंला कान लावून बसतोय," धनी म्हणाले. "घाटी येत न्हाई. म्हणलं वय झालं, कान गेले. पर तू चुलीपाशी पोरीला कुजबुजत बोलायचीस ते ऐकू यायचं. हे येतंय तर घाटी का न्हाई? म्हणून नळी मागितली."

सगळ्या वाडीचं त्वांड म्या बांधलं. जे वाजतच न्हाई त्याचा इच्यार माझ्या डोक्यात आला न्हाई.

"घाटी तिच्यासंगं पुरली?"

हे इच्यारतील ह्याचंच मला भ्या व्हतं. आमच्यात म्होरक्या गाईची घाटी धन्यानंच बांधायची आन धन्यानंच सोडायची. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई, बायकांनी तर न्हाईच. पर खड्डा खणायला जेसीबी आला व्हता आन त्याला घाई व्हती. म्या चांदीला हळद-कुंकू लावलं, खण घातला, आन मग खाली वाकून घाटी सोडली.

"न्हाई. म्या काढली," म्या म्हणलं. "दुसरं कोण व्हतं?"

"बरं केलंस, चंद्रे."

बरं केलंस, असं ह्या माणसानं मला कधी म्हणल्याचं आठवत न्हाई. आन म्हणला ते ह्या कामाला.

नाचणीच्या कणगीत हात खांद्यापतुर घालून म्या घाटी काढून आणली. धन्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली. आतला लोळा बोटानं दाबून धरला व्हता, वाजू दिली न्हाई. मग म्हणाले, "कोंडिबाला बोलवा. त्याची म्होरकी गाय घेऊन ये म्हणावं."

कोंडिबा आला, दारात हुबा राहिला, मान खाली. "काका, मला काकीनंच..."

"तुझ्या काकीपुढं कुणाचं चाललंय. गाय आण जवळ."

तांबडी गाय बाजंला टेकवून उभी केली. धन्यांच्या हाताला वादीची गाठ बसंना. लई येळ लागला. कोंडिबा पुढं झाला तसं म्या त्याला डोळ्यानंच मागं सारलं. प्रेरणा कडंलाच व्हती, कुणाला कळायच्या आत तिनं तिथनं लांबनंच फोटो काढला. दोनशेच्या नळीत बसला तेवढा.

त्या सांजंला घाटी ऐकू आली. धनी कान देऊन बसले.

"कशी हाय?" म्या इच्यारलं.

"ही घाई करती. चांदी सावकाश चालायची."

तरी अंधार पडंस्तोवर आत नेऊ दिलं न्हाई. मग रोजचंच झालं ते. कुंडलिक आला तवा त्याला गाईंचं एक अक्षर इच्यारलं न्हाई. "कंपनीत जेवायला काय देत्यात?" एवढंच. कुंडलिक मागल्या दारी जाऊन रडला, त्याला म्या रडू दिलं.

माघात धनी गेले. सकाळी च्या घेतला, बाजंवर टेकले, ते टेकलेच.

तेराव्याला कोंडिबा आला, "काकी, घाटी परत घ्या. तुमच्या घरची वस्तू."

"का? तुझ्या गाईचं मानगूट दुखतंय व्हय?"

"तसं न्हाई, पर रीत..."

"रीत मला शिकवू नगं. त्यांच्या हातनं बांधलीय ती. सोडणारा हात आता न्हाई. राहू दे."

प्रेरणा अजून दोनशेचीच नळी वापरती. लग्नात पार म्होरं जाऊन उभी ऱ्हाती, भटजी खेकसतो म्हणं. म्या म्हणलं, तुझी ती तीनशेची घे आता. म्हणती, घेईन.

बाज अंगणातच हाय. कुंडलिक म्हणाला आत घेऊ, पावसात सुंभ कुजंल. म्या म्हणलं कुजू दे. सांजंला घाटी वाजली का माझा कालवण ढवळायचा हात थांबतो. घाई करती ती, खरं हाय त्यांचं. चांदी सावकाश यायची.